कट्ट्याभोंवतालचीं माणसें

मुष्टियुद्ध दोन माणसांत होतें, हें म्हणणें नियमपुस्तकापुरतें खरें आहे. आम्हांला या खेळाचा नाद लागला तो चित्रफितींवरून. आणि एकदां सहज म्हणून आवाज पूर्ण बंद करून आम्ही एक झुंज पाहिली, तेव्हां तिचा निम्मा प्राण गेल्यासारखें झालें. तेच ठोसे, तेच योद्धे. पण हीं दोन दमलेलीं माणसें एकमेकांस कां मारीत आहेत, असा प्रश्न मनांत उभा राहिला. आवाज चालू असतां तो कधीं सुचला नव्हता!

आपल्याकडे कुस्तीच्या फडांत चेव आणावयास हलगी असते. मुष्टियुद्धांत हलगी नाहीं; तेथें गर्दी हीच हलगी. लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्यें १८९१ सालीं निघालेल्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबांत मात्र फेरी चालू असतांना प्रेक्षकांनीं ब्रहि काढावयाचा नाहीं, असा दंडक होता. टाळ्या वाजवावयाच्या त्या फेरी संपल्यावर. ही शिस्त कोणास सभ्यतेची परिसीमा वाटेल. आम्हांस ती किंचित् भयंकर वाटते. हाडावर बसलेला ठोसा स्पष्ट ऐकूं यावा इतक्या शांततेंत बसून राहणें, हें ओरडण्याहून अधिक माणुसकीचें कसें?

याच्या अगदीं उलट किन्शासा. १९७४ च्या ३० ऑक्टोबरला पहांटे चार वाजतां सुमारें साठ हजार माणसें उघड्या मैदानांत जागत बसलीं होतीं. वेळ अशी आडनिडी कां, तर त्या घटकेला न्यूयॉर्कांत रात्रीचे दहा वाजत होते. न दिसणाऱ्या गर्दीनें घड्याळ ठरविलें, आणि दिसणाऱ्या गर्दीनें पक्ष. फोरमन अल्सेशियन कुत्रा घेऊन झाईरमध्यें उतरला; बेल्जियन अमदानींत तसलींच कुत्रीं पाहिलेले लोक त्याच क्षणीं अलीचे झाले, असें सांगतात. "अली, बोमा ये!" म्हणजे अली, त्याला ठार कर! कीर्तनकारानें टाळकऱ्यांना खुणवावें तसा अली स्वतः हात हालवून ही आरोळी उठवीत असे. दुसऱ्या फेरीपासून दोरांना पाठ टेकून त्यानें मार झेलला आणि आठव्या फेरींत फोरमन कोसळला. मार खाणाऱ्याच्या नांवानें मैदान गर्जत राहतें आणि मारणारा थकत जातो. याचा हिशेब कोणत्याहि पंचाच्या गुणपत्रिकेंत सांपडावयाचा नाहीं.

याच अलीची लिस्टनशीं दुसरी गांठ २५ मे १९६५ रोजीं पडली ती ल्यूइस्टन नांवाच्या लहानशा गांवीं, बर्फावरील हॉकीच्या मंडपांत. प्रेक्षक अवघे २,४३४. पहिल्याच फेरींत लिस्टन पडला. पुष्कळांना ठोसा दिसलाच नाहीं, आणि फसवणूक झाल्याची ओरड उठली. लाखभर लोकांसमोर तो ठोसा अधिक दिसला असता असें नाहीं. पण विश्वास बसण्यास बहुधा तेवढी गर्दी पुरली असती.

१ ऑक्टोबर १९७५ ची मनिलाची झुंज आठवली म्हणजे मात्र आमची थट्टा आटोपते. केझॉन सिटींतील अरानेटा कोलिझियमचा घुमट. सकाळची वेळ, तीहि अमेरिकेच्या सोयीची. आणि माणसांच्या दाटीनें आंतली हवा भट्टीसारखी झालेली. तेथें गर्दीचा उत्साह नुसता कानांत शिरत नव्हता, तो योद्ध्यांच्या श्वासावर बसत होता. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझियरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. एकच फेरी उरली होती, आणि ती पाहावयास मिळावी अशीच त्या घुमटाखालच्या बहुतेकांची इच्छा असणार. चित्रफीत पाहतांना आमचीहि दरवेळीं असते. त्याचा शिक्षक एडी फच यानें मात्र त्याला उठूं दिलें नाहीं. मला लढूं द्या, असें फ्रेझियर म्हणत होता. फचनें त्यास बसविलें आणि पंचाला झुंज थांबविण्यास सांगितलें.