आधी दुसऱ्याचा कोड वाचा

कॉलेजांत बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो : "सर, ओपन सोर्समध्ये यायचं तर कोणती लँग्वेज शिकू?" विचारणाऱ्याला सी येत असते, पायथन येत असते, जावाही येत असते. घोडं अडतं ते वाचण्यापाशी.

इंजिनिअरिंगच्या जर्नलमधलं प्रत्येक प्रॅक्टिकल कोऱ्या पानावरून सुरू होतं. लिंक्ड लिस्ट लिहा, आउटपुट चिकटवा, सही घ्या, सबमिशन संपलं. दुसऱ्याने लिहिलेल्या हजारो ओळी वाचून त्यातली एकच ओळ बदलायची वेळ चार वर्षांत सहसा येत नाही. ओपन सोर्समध्ये मात्र पहिल्या दिवसापासून तेच काम. लिनक्स कर्नलमध्ये तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. त्यात शिरायचं कुठून, इथेच पोरं गळपटतात.

ज्यांना जागा सापडते त्यांना रीतभात आडवी येते. कर्नलचा पॅच आजही साध्या मजकुराच्या ईमेलने जातो. जीमेलच्या वेब पानावरून पाठवला तर टॅबच्या स्पेस होतात आणि पॅच लागतच नाही. त्याआधी 'चेकपॅच' ही स्क्रिप्ट चालवायची, तो कुणाला पाठवायचा हे 'गेट मेंटेनर' या दुसऱ्या स्क्रिप्टला विचारायचं. खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून, हा कोड द्यायचा मला हक्क आहे, अशी हमी द्यायची. नोकरदार मुलगा इथे थबकतो. फावल्या वेळात लिहिलेला कोडही कंपनीचाच, असं कलम त्याच्या करारात असू शकतं.

एवढं करून पॅच गेला की पुढे आठवडेच्या आठवडे उत्तर नाही. मुलांना वाटतं, आपल्याला हिशेबातच धरलं नाही. मी स्वतः एका छोट्या प्रकल्पाचा मेंटेनर आहे, नोकरी सांभाळून. आमच्यापुढे काय येतं, तेही पाहा. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्टला एक टी-शर्ट होता. रीडमीत एखादं विशेषण घुसडणाऱ्या रिक्वेस्टचा असा पूर आला, की होकार देणाऱ्या प्रकल्पांतल्याच रिक्वेस्ट धरायच्या, असा नियम आयोजकांना ऐन ऑक्टोबरात करावा लागला. २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या ओपन सोर्स टूलचं प्रकरण उघडकीस आलं : दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून एकट्या, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास कमावलेल्या अनोळखी हाताने त्यात चोरवाट ठेवली होती. नव्या माणसाकडे आम्ही दोनदा पाहतो, ते उगाच नाही.

म्हणून माझं सांगणं : सुरुवातीला कोड लिहूच नका. रोजच्या वापरातलं एखादं सॉफ्टवेअर आपल्या मशिनवर बिल्ड करा. जिथे अडलात ती पायरी सूचनांत नसेल, तर ती लिहून देणं हीच पहिली दुरुस्ती. मग कुणी नोंदवलेला एखादा बग आपल्याकडे येतो का, कोणत्या आवृत्तीपासून येतो, ते तपासून कळवा. 'गिट ब्लेम'ने ती ओळ कुणी, कधी बदलली ते काढा आणि तो कमिट वाचा. इतकी मशागत दिसली, की पॅच चुकलेला असला तरी मी वेळ काढून उत्तर देतो. कारण तो चुकलेला पॅच दुरुस्त करणारा माणूस पुढेही टिकणार, याची मला खात्री असते.