नोंदी वाढल्या, टिपणं आटली

पक्षीनिरीक्षणाचा छंद महाराष्ट्रात आज जितका पसरला आहे तितका तो पूर्वी कधीच नव्हता. हिवाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या भिगवणजवळ, डिकसळ-कुंभारगावला उजनी धरणाच्या काठावर उभं राहिलं की याची खात्री पटते. पुण्या-मुंबईहून आलेल्या गाड्या, लांबलचक भिंगांचे कॅमेरे, रोहित पक्ष्यांच्या थव्याकडे निघालेल्या होड्या आणि त्या वल्हवणारे, कालपरवापर्यंत केवळ मासेमारीवर जगणारे वाटाडे. छंद असा भरात असताना त्याची छापील नियतकालिकं मात्र क्षीण होत गेली. काही बंद पडली, काही पडद्यावर गेली. या दोन गोष्टी एकाच काळात घडल्या, त्यामुळे ‘वाचकच उरले नाहीत’ हे नेहमीचं स्पष्टीकरण टिकत नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका कुटुंबाने १९७८ साली सुरू केलेलं ‘बर्ड वॉचर्स डायजेस्ट’ डिसेंबर २०२१मध्ये बंद पडलं, तेही महासाथीत घरी अडकलेली असंख्य माणसं खिडकीतून पक्षी पाहायला लागली होती तेव्हा. पुढे नव्या चालकांनी ते पुन्हा उभं केलं, पण हौशी माणसं वाढत असताना मासिक बुडू शकतं हे तिथे दिसलं. मासिक का बुडालं याचं उत्तर सोपं आहे. पक्ष्याची ओळख, ताजी बातमी, रंगीत छायाचित्र आणि दुर्बिणीची जाहिरात, ज्यांच्यासाठी वाचक वर्गणी भरायचा त्या चारही गोष्टी फोनवर फुकट आणि तत्काळ मिळू लागल्या. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. मासिकाबरोबर नेमकं काय गेलं?

माझं म्हणणं असं की माहिती गेली नाही; ती तर पूर्वीच्या अनेक पट वाढली. गेली ती हौशी माणसाला टिपणकार करणारी जागा. भारतातल्या पक्षीनिरीक्षकांसाठी जफर फतेहअली यांनी १९६० च्या सुमारास ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ सुरू केलं. सुरुवातीला सायक्लोस्टाइल केलेली ती मोजकी पानं होती, दिसायला अगदीच साधी, आणि चार दशकांहून अधिक काळ ते त्यांनी सांभाळलं. त्यात सालिम अली लिहीत आणि ज्यांनी आयुष्यात दुसरं काही छापलं नाही अशी माणसंही लिहीत. त्यातल्या चांगल्या टिपणाची एक घडण असायची. कुठे, कधी, कोणत्या हवेत काय पाहिलं. यापूर्वी याबद्दल कोणी काय म्हटलं आहे. त्यावरून मला काय वाटतं आणि मी कुठे साशंक आहे. पुढच्या एखाद्या अंकात दुसऱ्या प्रांतातला वाचक त्याला दुजोरा देई किंवा ते खोडून काढी. पाहणाऱ्याला आपलं पाहणं शब्दांत मांडावं लागे, ते अनोळखी माणसासमोर ठेवावं लागे आणि आक्षेप आल्यास उत्तर द्यावं लागे. छंदाचं ज्ञानात रूपांतर होतं ते याच टप्प्यावर. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल १८८६ पासून हेच करत आलं, आणि त्याचा मोठा भाग पोटासाठी दुसरंच काही करणाऱ्या माणसांनी लिहिला आहे.

उजनीच्या उदाहरणावरून हे नीट दिसतं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या आसपास, पण त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठाच आहे. या विचित्र हिशेबाचा पक्ष्यांशी थेट संबंध आहे. पावसाळ्यानंतर तुडुंब असलेलं पाणी खाली सोडलं जातं तसतसा इंदापूरच्या बाजूचा उथळ काठ उघडा पडतो, चिखल आणि दलदल तयार होते, आणि तरीही मागे विस्तीर्ण पाणी राहतंच. शेकाटे, तुतारे, थापटे, चक्रवाक आणि रोहित यांना नेमकं असंच ठिकाण लागतं. माणसाने केलेल्या या नव्या पाण्यावर पक्षी कसे वसले, याचा पहिला मोठा अभ्यास एरक भरुचा आणि पी. पी. गोगटे यांनी केला. तो १९९० साली सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. भरुचा पेशाने शल्यचिकित्सक. धरण भरल्यानंतरच्या पहिल्या दशकातलं उजनी कसं होतं हे आज आपल्याला कळतं, ते कोणीतरी ते पाहिलं, मांडलं, आणि एका संपादकाने तपासून कागदावर आणलं म्हणून. त्या काळात काठावर येऊन गेलेल्या इतर निरीक्षकांच्या वह्यांचं काय झालं असेल? ज्या छापल्या गेल्या नाहीत त्या आपल्यापुरत्या नाहीशाच झाल्या.

यावर उलट प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. आज तर ‘ईबर्ड’सारख्या इंटरनेटवरच्या व्यवस्थेत प्रत्येक फेरीची यादी कायमची नोंदली जाते, मग मासिकाची उणीव कुठे भासते? मी या व्यवस्थेचा विरोधक नाही, उलट तिच्याशिवाय आज माझ्या विषयात पाऊल टाकता येणार नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३चा अहवाल सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे; त्यात ९४२ प्रजातींचा आढावा घेता आला, आणि ज्यांचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांतल्या साठ टक्के प्रजाती घटताना दिसल्या. कोणत्याही छापील मासिकाला हे जमलं नसतं. शिवाय पूर्ण यादीतून काय दिसलं नाही तेही कळतं, ही केवढी मोठी सोय आहे. पण यादी ‘काय’ आणि ‘किती’ सांगते. ‘का’ हे सांगायला वाक्यं लागतात. यादीखाली शेरा लिहायची जागा असते हे खरं, मात्र ते शेरे सलग कोणी वाचत नाही, त्यांना उत्तर येत नाही. तिथला परीक्षक विचारतो की हा पक्षी खरोखर तोच होता का. त्यावरून तुम्ही काय अनुमान काढता, हे विचारणं त्याचं कामच नाही. व्हॉट्सॲपच्या गटांवर चर्चा होते, कधीकधी फार चांगली होते, पण सहा महिन्यांनी ती शोधून दाखवा म्हटलं तर तिथे हजर असलेल्यांनाही ती सापडत नाही.

आणखी एक परिणाम झाला आहे आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. संपादक नसला की लक्ष कुठे द्यायचं हे छायाचित्र ठरवतं. रोहित आणि पट्टकदंब हंसांसाठी भिगवणला रांग लागते. तिथून फार लांब नसलेल्या माळरानांकडे त्या मानाने क्वचितच कोणी वळतं. बारामती तालुक्याचा सुप्याकडचा जिरायती पट्टा आणि इंदापुरातली कडबनवाडी हे कोरड्या गवताळ मुलखाचे उरलेसुरले तुकडे आहेत. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. तिथे चिंकारा पाहायला माणसं जातात, पण चंडोल, धाविक, माळटिटवी, हिवाळी भोवत्या यांच्यासाठी अर्धा दिवस बसणारे थोडे. मातकट रंगाच्या चंडोलाचं छायाचित्र कोणी पुढे पाठवत नाही. नीरेच्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बारामतीची शेती पालटत नेली, उसाने माळ व्यापला, आणि गवताळ मुलखातले पक्षी देशभर वेगाने घटत आहेत हे वरचाच अहवाल सांगतो. मग आपल्या माळावर कोणता पक्षी कोणत्या साली शेवटचा वीण करताना दिसला? याचं उत्तर यादीच्या ढिगातून एखादा संशोधक पुढे काढू शकेलही. दर तीन महिन्यांनी निघणाऱ्या अंकाचा संपादक मात्र वेळ असताना विचारत असे, ‘यंदा सुप्याहून कोणी काही लिहिलं नाही?’ त्या एका पत्रावर एखादा शिक्षक सायकल काढून माळावर जाई.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात जड आक्षेप भाषेचा आहे. ज्या मासिकांची मी थोरवी सांगतो आहे ती इंग्रजीत होती, शहरातल्या शिकलेल्या वर्गाची होती. कुंभारगावच्या होडीवाल्याला त्यात जागा नव्हती. ती त्याला फोनने दिली. हे मान्य केलंच पाहिजे. मराठीत विज्ञानाची नियतकालिकं होती. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ साली निघालं, मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका गेली अनेक दशकं चालू आहे. महाराष्ट्र पक्षिमित्र संघटनेची संमेलनं भरतात, त्यांच्या स्मरणिकांतून चांगले लेखही येतात. मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांना मराठी नावं मिळवून दिली, गावोगावची जुनी नावं गोळा केली. पण निव्वळ निरीक्षणाची, वाद-प्रतिवादाची, नियमित निघणारी मराठी टिपणपत्रिका आपल्याकडे मूळ धरू शकली नाही. म्हणून इंग्रजी वाचकाने एक सवय गमावली असेल, तर मराठी वाचकाला ती लागायच्या आधीच माध्यम बदललं. आज भिगवणचा वाटाडा पक्ष्यांची इंग्रजी नावं अचूक सांगतो. वर्षातले कितीतरी दिवस तो पाण्यावर असतो. उजनीत चिलापी किती वाढली, पाणी ओसरलेल्या काठावर गाळपेर कुठवर आली, त्यानंतर कोणता पक्षी कुठे सरकला, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. हे ज्ञान पाहुण्यांशी बोलण्यात खर्च होतं आणि लिहिलं जात नाही.

शेवटचा आक्षेप कागदाचा. टिपणपत्रिका हवी तर ती संकेतस्थळावर काढा, छपाईचा आणि टपालाचा खर्च कशाला? माझा कागदासाठी हट्ट नाही. आशीष पिट्टी यांनी हैदराबादहून उभं केलेलं ‘इंडियन बर्ड्स’ कुणालाही मोफत वाचता येतं आणि त्याची शिस्त कुठे ढिली पडलेली नाही. फतेहअलींच्या जुन्या अंकांच्या प्रतीही आता इंटरनेटवर मिळतात. नव्या माध्यमाने जुन्या कागदाचं जतन केलं आहे. मात्र कागदाने काही बंधनं आपसूक घातली होती, ती हरवू देता कामा नयेत. पानं मोजकी, म्हणून निवड करावी लागे. तारीख ठरलेली, म्हणून लिहिणं पुढे ढकलता येत नसे. अंकाला क्रमांक असे, म्हणून पन्नास वर्षांनीही बोट ठेवून दाखवता येई. इंग्लंडमधल्या परगण्यांची पक्षी मंडळं वर्षाला एक अहवाल काढतात. त्यासाठीच्या नोंदी आता संगणकावरूनच येतात, पण संपादक त्या चाळून प्रत्येक जातीबद्दल दोन-चार वाक्यं लिहितात आणि अनेक ठिकाणी तो अहवाल अजून छापला जातो. यादी आणि टिपण यांत एकाची निवड करायची गरज नसते, हे त्या अहवालांनी दाखवून दिलं आहे.

बारामती-इंदापूरसाठी असा वार्षिक अहवाल मराठीत निघायला हवा. सालिम अली आणि चितमपल्लींच्या जन्मदिवसांना जोडणारा, ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह राज्यात पाळला जातो. अंकासाठी ती तारीख चांगली. दोन्ही तालुक्यांत महाविद्यालयं आहेत, प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, छपाईचा खर्च एखाद्या संमेलनाच्या मांडवापेक्षा कमी येईल. पहिल्या अंकाचे विषय तयारच आहेत. भादलवाडीच्या तलावात आणि इंदापुरातल्या जुन्या चिंचांवर वीण करणारे चित्रबलाक एकाच वसाहतीचे की वेगळे, आणि तलावात पाणी कमी असलेल्या वर्षी ते कुठे जातात. धरण उशिरापर्यंत भरलेलं राहिलं की रोहितांचं येणं किती लांबतं आणि तोवर ते कुठे थांबतात. गाळपेरीतल्या औषधफवारणीनंतर काठावरचे तुतारे कमी होतात का. कडबनवाडीच्या माळावर भोवत्या रात्री कुठे उतरतात. यातल्या प्रत्येक प्रश्नावर दोन पानं लिहू शकेल असं माणूस त्या त्या गावात आहे. कुणी मासेमार आहे, कुणी मेंढपाळ, कुणी वनरक्षक. त्यांना लिहायला बसवणारा, लिहिता येत नसेल तर ऐकून उतरवून घेणारा आणि प्रत्येक विधानावर ‘हे कशावरून?’ असं आदराने विचारणारा एक संपादक मात्र आधी शोधावा लागेल.