मार्सेल्सच्या धक्क्यावर

मार्सेल्स म्हणतांच मराठी मनांत ८ जुलै १९१० हा दिवस उभा राहतो. सावरकरांनीं 'मोरिया' बोटींतून समुद्रांत उडी घेतली ती याच बंदरांत, आणि त्यांस धरून पुन्हां इंग्रजांच्या स्वाधीन करण्यांत आलें तेंही येथेंच. तो किनारा एकदां डोळे भरून पाहावा, एवढ्याच हेतूनें आम्ही येथें आलों. परंतु सँ-शार्ल स्थानकाचा १०४ पायऱ्यांचा भव्य जिना उतरतांना आमचें लक्ष निराळ्याच गोष्टीनें वेधून घेतलें. खालीं दोन बाजूंस दोन स्त्रीमूर्ति पहुडल्या आहेत. एक फ्रान्सच्या आशियांतील वसाहतींची, दुसरी आफ्रिकेंतील वसाहतींची. हा जिना १९२७ सालीं खुला झाला.

वसाहतींच्या व्यापारावर हें शहर पोसलें. सेनेगलचे भुईमूग येथें उतरत व येथील गिरण्यांत त्यांचें तेल निघे. १९०६ व १९२२ सालीं येथें वसाहतींचीं मोठीं प्रदर्शनें भरलीं. परमुलुखांतील सत्ता म्हणजे आपली भाकरी, असें येथील सामान्य मजुरासही वाटलें असल्यास नवल नाहीं.

१९५४ सालीं अल्जीरियांत स्वातंत्र्ययुद्ध पेटलें. सक्तीच्या लष्करी सेवेवर निघालेलीं विशीचीं मुलें याच बंदरांतून रवाना होत. सरकार त्यास युद्ध म्हणेना, सुव्यवस्था राखणें म्हणे. 'युद्ध' हा शब्द कायद्यानें मान्य झाला तो १९९९ सालीं. ज्या आईचा मुलगा परत आला नाहीं, तिनें इतकीं वर्षें त्याच्या मरणास काय नांव दिलें असेल?

१९६२ च्या मार्चमध्यें एव्हियां येथें करार झाला व जुलैंत अल्जीरिया स्वतंत्र झाला. त्या उन्हाळ्यांत तेथील युरोपीय वंशाचे लाखों लोक हातीं लागेल तें सामान घेऊन फ्रान्सला आले, आणि त्यांचा मोठा लोंढा मार्सेल्सच्या धक्क्यावर उतरला. शहरांत घरांची आधींच टंचाई. कोणीं आसरा दिला, कोणीं तोंड फिरविलें. नगराध्यक्ष गास्तों दफेर यांनीं तर या लोकांनीं अन्यत्र जाऊन बस्तान बसवावें, असें उघड बोलून दाखविलें. फ्रेंचांच्या बाजूनें लढलेल्या अल्जीरियन मुसलमानांची, म्हणजे 'हार्कीं'ची, अवस्था याहून वाईट. हजारों हार्की मुलांबाळांसह पेर्पिन्यांजवळच्या रिव्हसाल्तसारख्या छावण्यांत राहिले. आणि याच शहरांत राबणाऱ्या अल्जीरियन मजुरांस मात्र तो काळ मुक्तीचा होता!

या युरोपीय आगंतुकांस सरकारी भाषेंत 'रापात्रिये', म्हणजे मायदेशीं परतलेले, म्हणत. शब्दाची फोड करण्याची आमची जुनी संवय. कित्येकांचे पूर्वज स्पेन, इटली वा माल्टा येथून अल्जीरियांत गेलेले. कित्येकांनीं फ्रान्स पूर्वीं डोळ्यांनीं पाहिलेलाही नव्हता. जो येथून गेलाच नाहीं, तो 'परतला' कसा?

पराधीन देशाचें स्वातंत्र्य न्याय्यच. याविषयीं आमचें मत तिळभरही ढळलें नाहीं. सावरकरांचें स्मरण करून आम्हीं समुद्रास हात जोडले. परंतु वर्गांत 'साम्राज्याचा अस्त' हा विषय आम्हीं वर्षानुवर्षें एका वाक्यांत आटोपीत असूं. त्या वाक्यांत पेट्या सांवरीत धक्क्यावर उतरणारीं हीं माणसें कोठेंच नव्हतीं, हें त्या संध्याकाळीं आमच्या ध्यानांत आलें.