थंडी आणि पाण्याची चुकामूक

मुलचेरा, जि. गडचिरोली
५ जानेवारी

चि. ओवीस,


तुझी तक्रार पोचली. पुण्यात ऐन डिसेंबरात आभाळ भरून राहिलं, हौसेनं घेतलेलं जॅकेट कपाटात लटकत राहिलं. ‘ना धड थंडी, ना धड पाऊस. त्यापेक्षा एकदाचा बर्फच पडू दे ना, मामा!’ असं लिहून वर विचारतेस, तुमच्या जंगलात तरी हिवाळा आहे का? व्हॉट्सॲपवर दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण भूगोलाच्या मास्तराला असा प्रश्न विचारल्यावर तो दोन ओळींवर थांबेल, ही अपेक्षाच चूक. म्हणून कागद घेतला.

हिवाळा आहे इथे. पहाटेच्या एसटीची वाट बघणारी माणसं शेकोटी पेटवूनच थांबतात. पारा दहाच्या खाली गेला की गावभर तोच विषय. पण हे सगळं सकाळी नऊपर्यंत. पहिल्या तासाला पोरं उन्हाच्या पट्ट्यात बाकं सरकवतात आणि मधल्या सुट्टीनंतर तीच पोरं सावली शोधतात. दुपारी अठ्ठावीस अंश. सागाची पानं अजून झाडावर, जंगल हिरवं-पिवळं. हिवाळा आल्याचं इथे कातडीला कळतं, डोळ्यांना काही दिसत नाही. तुझी खरी तक्रार हीच असावी. बर्फ पडला की ऋतू आल्याबद्दल वाद घालावा लागत नाही. खिडकी उघडली की समोर पुरावा.

मलाही बर्फ हवा आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुला वाटेल, मामा आता समजूत घालायला बसला. आयुष्यभर फळ्यावर हिमरेषा आखली, पण माझ्या बाकांवरच्या बहुतेक पोरांचा बर्फ आठवडी बाजारातल्या लाल-हिरव्या गोळ्याच्या पुढे जात नाही. माझा तरी कुठे फार पुढे गेलाय? एका मे महिन्यात आम्ही रोहतांगला गेलो होतो. भाड्याचे ओव्हरकोट, भाड्याचे गमबूट. मामीचा एक बूट नऊ नंबरचा आणि दुसरा आठचा. बर्फ होता, पण गाड्यांच्या धुरानं काळवंडलेला, हजारोंनी तुडवलेला. पडलेला बर्फ पाहिला, पडणारा राहिलाच.

आता तुझा प्रश्न. आपल्याकडे बर्फ का नाही? ‘आपण उष्ण कटिबंधात’ हे परीक्षेतलं उत्तर मला पुरत नाही. मुलचेरा विसाव्या अक्षांशाच्या किंचित खाली. जवळजवळ त्याच अक्षांशावर, पार पॅसिफिक महासागरात, हवाई बेटावर मौना केआ नावाचा डोंगर आहे, उंची ४२०७ मीटर. त्याच्या माथ्यावर मोठमोठ्या दुर्बिणी बसवल्या आहेत आणि हिवाळ्यात तिथं बर्फ पडतो. खाली किनाऱ्यावर माणसं समुद्रात पोहत असतात तेव्हा! म्हणजे दोष अक्षांशाचा नाही, उंचीचा आहे. वर जाताना दर किलोमीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. खाली अठ्ठावीस अंश असतील, तर शून्य गाठायला चार किलोमीटरच्याही वर जावं लागेल. आपली सगळ्यात उंच कळसूबाई १६४६ मीटर. तिच्यावर आणखी दीड कळसूबाई रचली, तर कुठे आशा धरता येईल. आणि मुलचेरा? जेमतेम दोनशे मीटरच्या आसपास.

पण नुसती उंची असूनही भागत नाही. बर्फाला थंडी आणि पाणी एकाच वेळी, एकाच ठिकाणी लागतं. आपल्याकडे दोन्ही येतात, फक्त एकमेकांना चुकवून. आपली कडाक्याची रात्र म्हणजे निरभ्र, कोरडी रात्र. उत्तरेकडून वारा सुटलेला असतो आणि जमिनीत दिवसभर साठलेली ऊब अडथळ्याविना वर निघून जाते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत घसरला होता. इतक्या थंडीला आणखी थोडी जोड मिळती तर, असं तेव्हा मनात आलंच. पण मिळूनही गोठायला हवेत पाणीच नसतं. आणि बंगालच्या उपसागरावरून पाणी येतं, तेव्हा ते ढग घेऊन येतं. ढग आले की जमिनीवर गोधडी पडल्यासारखं होतं. ऊब वर जात नाही आणि थंडी एका रात्रीत पळते. तुझा डिसेंबर नेमका असा वाया गेला.

हेच ढग इथे आले की आमच्याकडेही जीव खाली-वर होतो, फक्त जॅकेटासाठी नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पसरलेल्या असतात, कुठे पुंजणे रचलेले असतात, मळणी व्हायची असते. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्याला लागलं आणि त्याचा पाऊस पूर्व विदर्भातल्या या कापलेल्या धानावर पडला. भिजलेल्या कडपा उलटून-पालटून वाळवाव्या लागतात, नाहीतर दाण्याला कोंब फुटतो. धानाच्याच बांधीत पेरलेली लाखोळी उरल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर वाढते. आभाळ भरून राहिलं की तिच्यावर मावा पडतो. तुझ्या आणि इथल्या शेतकऱ्याच्या चिडचिडीचं कारण एकच ढग. तुला लाज वाटावी म्हणून हे सांगत नाही. एका ढगावर दोघं वैतागले, इतकंच. पण यावरून एक कळतं. थंडी आणि पाण्याची जी चुकामूक आपल्याला बर्फ मिळू देत नाही, तीच आपलं धान कोरडं ठेवते. पूर्व बंगालातून येऊन इथं वसवलेल्या कुटुंबांची गावं तू पाहिली आहेस. आपण तिळगूळ वाटतो, त्याच दिवसांत त्यांच्या घरी पिठे होतात, नव्या तांदळाचं पीठ, नारळ आणि गूळ घालून. तो तांदूळ या कोरड्या थंडीतून सुखरूप आलेला असतो.

तुला महाराष्ट्रातच काही पाहायचं असेल, तर महाबळेश्वरचा वेण्णा तलाव. दरवर्षी पेपरात फोटो येतो, बोटींच्या धक्क्यावर आणि गाड्यांच्या टपांवर हिमकण. ते आभाळातून पडत नाहीत. निवांत, निरभ्र रात्री गवत आणि पत्रा हवेपेक्षा जास्त गार होतात आणि त्यांच्यावरचं दव गोठतं. म्हणून वर तापमापक सहा-सात अंश दाखवत असतानाही खाली पांढरा थर दिसतो. मात्र सूर्योदयाच्या आत पोच; उशिरा उठणाऱ्याला तिथं ओलं गवतच बघावं लागतं.

आणि आभाळातून पडणारा बर्फ म्हणशील, तर तोही आपल्याला मिळतो, मागितला नसताना. हिवाळा संपताना जमीन तापू लागते, हवा जोरात वर उसळते आणि पाण्याचे थेंब पाच-सहा किलोमीटरवर नेते. तिथं थंडी आणि पाण्याची अखेर गाठ पडते. खाली येतात त्या गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या मराठवाड्यावर, विदर्भावर दिवसामागून दिवस कोसळल्या आणि उभा गहू, हरभरा, फळबागा झोडपून गेल्या. आपल्या वाट्याचा बर्फ असा येतो. म्हणून ‘एकदाचा पडू दे’ असं इथे कुणासमोर म्हणू नकोस. मला म्हण, मी कुणाला सांगणार नाही.

बर्फ बघायला मात्र जरूर जा. माझ्यासारखी मे महिन्यात जाऊ नकोस. जानेवारी-फेब्रुवारीत जा आणि तारीख कॅलेंडर बघून ठरवू नकोस, हवामान खात्याचा अंदाज बघून ठरव. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात, तेच हिमालयात बर्फ पाडतात. तसा झंझावात येणार म्हटलं की निघ. रस्ते बंद होतील, एखादा दिवस खोलीत अडकशील, ते गृहीत धर. पडणारा बर्फ त्याच दिवशी दिसतो. आणि बूट आपले घेऊन जा.

माझं एक काम कर. झंझावात पुढे सरकला की तिथलं आभाळ उघडतं आणि त्या बर्फावरून आलेला कोरडा वारा दक्षिणेकडे उतरू लागतो. आपल्या हुडहुडीत त्याचा मोठा वाटा असतो. तेव्हा बर्फ थांबून ऊन पडलं की लगेच मला फोन कर. पुढचे दोन-चार दिवस मी रोज पहाटे इथला पारा लिहून ठेवीन. तू पाहिलेल्या बर्फाची थंडी मुलचेऱ्यापर्यंत पोचते का, ते या वर्षी वर्गातल्या पोरांना पुस्तकातून न शिकवता तुझ्या फोनवरून शिकवतो.

जॅकेट धुऊन ठेव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा