फिदयाचे तांदूळ

१९८३चा रमजान जूनमध्ये आला होता. रत्नागिरीकडं नुकता पाऊस लागलेला आणि सहरीपासून इफ्तारपर्यंत चौदा तासांहून मोठा दिवस. त्या वर्षी दादीचे रोजे थांबले. ती इतकी थकली होती की पुढं कधी ते धरता येतील, ही आशाच उरली नव्हती. तापातून उठलेला माणूस सुटलेले रोजे नंतर कजा म्हणून धरतो. दादीसारख्यांवर कजा नसते. प्रत्येक रोज्यामागं एका गरिबाला अन्न द्यायचं, हाच फिदया. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्यात एका रोज्याला एक मुद्द माप धान्य, तेही गाव रोज खातं तेच. म्हणून आमच्या घरी उकडे तांदूळ. दादी ते स्वतः पाखडायची, एकही खडा राहू द्यायची नाही, आणि मी ते वाडीतल्या एका विधवेकडं पोचवायचे. रोजा नसूनही दादीचा रमजान भरलेला असे.

अम्माला मधुमेह जडला तेव्हा रमजान हिवाळ्यात येई. दिवस लहान, निभावून जायचं. पण चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. रमजान मागं सरकत साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. २०१६ला तो परत जूनमध्ये आला, तोवर अम्मा इन्सुलिनवर होती. दुपारी तिला दरदरून घाम फुटे, हात थरथरत. साखर ७०च्या खाली गेली की रोजा लगेच सोडायचा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी ती मगरिबच्या अजानची वाट बघत बसे. साखर तपासायला बोटाला सुई टोचली तर रोजा तुटेल, ही आणखी एक भीती. तो तुटत नाही, हे मौलवीसाहेबांनी घरी येऊन सांगितलं.

"अल्लाहला काय तोंड दाखवू?" ती त्यांना म्हणाली.

"खाला, रोजा ज्यानं फर्ज केला, सवलतही त्यानंच दिली. त्याचं एक घ्यायचं आणि एक परत करायचं, असं कसं?"

सूरह बकरामध्ये रोज्याचा हुकूम १८३व्या आयतीत आहे आणि आजाऱ्यांची मुभा लगेच १८४व्या. पैगंबरांचे सहाबी हजरत अनस यांनीही म्हातारपणी रोजे झेपेनात तेव्हा गरिबांना जेवू घातलं. अम्मा ऐकत गेली, रडत गेली, आणि दुसऱ्या दिवशी फिदयाचे तांदूळ पाखडायला सूप मागून घेतलं.

जिवावर बेतणारा रोजा आलिमांनीच निषिद्ध ठरवला आहे. घरात अशी आई, असे अब्बा असतील तर रमजानच्या महिनाभर आधी त्यांना डॉक्टरांकडं न्या, मग आलिमांशी बोला. आणि फिदयाचं धान्य त्यांच्या हातानं मापू द्या.