कल्याणचा पारनाका आणि परमुलखातील रुग्णालय

गेल्या मार्गशीर्षातील एका रविवारी आम्ही ठाण्याहून कल्याणास गेलो. प्रयोजन थोडे विचित्र होते. आमची भाची ठाण्यास राहून परिचारिकेचे शिक्षण घेते. तिचे हे शेवटचे वर्ष. पुढे जर्मनीस जावे, तेथील रुग्णालयात काम करीत शिकावे, असे तिच्या मनाने घेतले आहे. तिच्या आजीस, म्हणजे आमच्या मातोश्रींस, हे मुळीच रुचलेले नाही. "परक्या मुलखात जाऊन परक्यांच्या उशापायथ्याशी बसायचे, तर इथे आजाऱ्यांचा काय दुष्काळ पडलाय?" हा त्यांचा प्रश्न. दोन्ही पक्षांनी पंच म्हणून आम्हांस नेमले. निवाडा देण्यापूर्वी मुलीला कल्याणचा जुना भाग एकदा दाखवून आणावा असे आम्ही ठरविले.

रविवार असल्यामुळे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक होताच. कळवा, मुंब्रा, दिवा ही स्थानके ओलांडता ओलांडता गाडी इतक्यांदा थांबली, की भाचीने पिशवीतून जर्मन भाषेचे पुस्तक काढून एक धडा संपविला. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी आली १८५३ साली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, लोहमार्ग कल्याणास पोहोचला. त्या दिवशीच्या आमच्या गाडीहून ती फारशी मंद असेल असे वाटत नाही. असो.

स्थानकाबाहेरची गर्दी, रिक्षांचा कलकलाट आणि भाजीच्या पाट्या मागे टाकून पारनाक्याकडे वळले, की कल्याणचे जुने रूप अजूनही मधूनमधून दिसते. खाडीच्या बाजूस दुर्गाडीचा किल्ला उभा आहे. या बंदराचे नाव ग्रीक दर्यावर्दींनाही ठाऊक होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत येथील दानशूर व्यापाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. परदेशगमनाचे वावडे या गावास मुळात नव्हते. ते पुढे कधीतरी आपणच लावून घेतले.

याच गावी जोश्यांच्या घरात यमुना नावाची मुलगी वाढली. १८६५ चा तिचा जन्म. नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. ही कथा वाचकांस ठाऊक आहे. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्येच त्यांचे चरित्र लिहिले, पुढे कादंबरी, नाटक, चित्रपटही झाले. म्हणून ती आम्ही येथे पुन्हा सांगत नाही. आम्हांस भाचीला सांगावयाचा होता तो तिचा शेवटचा तुकडा, जो पदवीदानाच्या टाळ्यांत बहुधा झाकून जातो.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी मिळाली. पण पदवी हाती आली म्हणजे हात तयार झाला असे नव्हे. प्रत्यक्ष रुग्णांत काम करण्यासाठी त्या बॉस्टनच्या 'न्यू इंग्लंड' रुग्णालयात गेल्या. बायकामुलांसाठीचे हे रुग्णालय डॉ. मारी झाकशेव्स्का या बाईंनी १८६२ मध्ये काढले, याचे कारणच असे की स्त्री-डॉक्टरांना खाटेपाशी उभे राहून शिकू देईल असे ठिकाण शोधूनही सापडत नसे. तेथेच पुढे परिचारिकांची शाळा निघाली. अमेरिकेतील पहिल्या शिक्षित परिचारिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लिंडा रिचर्ड्‌स तेथून १८७३ मध्ये बाहेर पडल्या आणि १८७९ मध्ये मेरी महोनी ही पहिली कृष्णवर्णीय परिचारिका. कल्याणची मुलगी गेली ती अशा घरी.

पण शरीर साथ देईना. फिलाडेल्फियाच्या खोलीत शेकोटी पेटवावी तर धूर कोंडे, न पेटवावी तर थंडीने हाडे गोठत. शाकाहार सोडावयाचा नाही हा निर्धार. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून साडी गुजराती पद्धतीने नेसण्याएवढीच काय ती तडजोड. क्षयाने आतून पोखरलेल्या देहास बॉस्टनचे काम झेपले नाही. ऑक्टोबरात त्या निघाल्या, नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठेवलेली होती. तेथे त्या एक दिवसही बसू शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वय बावीसही पुरे नव्हते.

हे ऐकून भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, म्हणजे मी जाऊ नये असे तुमचे म्हणणे?"

तसे नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलही घरच्यांचा विरोध पत्करून १८५१ मध्ये जर्मनीतील कैझर्सव्हेर्ट येथे तीन महिने रुग्णसेवा शिकावयास गेल्या होत्याच. आणि आपल्या घरांतील नाक मुरडण्याविषयी म्हणाल, तर सेवेचे शिक्षण आणि ब्राह्मण विधवा यांची गाठ पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात १९११ मध्येच घालून दिली होती. शंभर वर्षे उलटली तरी मळ-मूत्र काढणे हे दुसऱ्या कोणाचे काम, ही समजूत आमच्या माजघरातून हललेली नाही. मग घरात कोणी अंथरुणास खिळले की सोळा ठिकाणी परिचारिकेसाठी फोन फिरतात. मातोश्रींपुढे हे बोलण्याचे धैर्य आम्हांस अजून झालेले नाही!

पण जाण्याजाण्यात अंतर आहे. भाचीकडे एका संस्थेचे रंगीत पत्रक आले होते: पंधरा दिवस, दोन देश, रुग्णालयांच्या भेटी आणि प्रमाणपत्र, पैसे भरपूर. तेथील नोंदणी नसलेल्या पाहुण्या विद्यार्थिनीस रुग्णाला औषध देण्याचा अधिकार नसतो. ती भिंतीशी उभी राहून पाहणार. त्यास सहल म्हणावे, शिक्षण नव्हे. याउलट जर्मनीची वाट लांब आहे. आधी भाषेची परीक्षा. मग तेथे गेल्यावर आपल्या अभ्यासक्रमात जे कमी पडले असेल ते रुग्णालयात काम करून भरून काढणे किंवा परीक्षा देणे. भाषेची वरची पायरी चढणे. तेव्हा कोठे ती तेथील पूर्ण परिचारिका. महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ च्या फेब्रुवारीत कुशल माणसे पाठविण्याचा जो करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तरी करारातील माणसांचे आकडे आणि आपली एकुलती एक पोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आम्ही भाचीस बजावले, की पगाराआधी तीन गोष्टी लेखी मागून घे: रोज कोणाच्या देखरेखीखाली काम करायचे, शिकाऊपणाचा काळ कधी संपणार आणि आजारी पडलीस तर कोण पाहणार.

तिच्या वर्गातील एक मुलगी इंग्लंडास निघाली आहे. सहा महिन्यांहून अधिक राहावयाचे तर व्हिसापूर्वी आपल्याकडील मुलींना छातीचा क्ष-किरण काढून क्षय नसल्याचा दाखला द्यावा लागतो. भाचीने हे सहज सांगितले. आम्ही मात्र त्या वेळी पारनाक्यावर उभे होतो आणि क्षणभर आम्हांस उत्तर सुचले नाही.

परतताना डोंबिवलीपर्यंत बसावयास जागा मिळाली नाही. घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भाचीने आजीस सगळे सांगितले, बॉस्टनचेही. मातोश्री वाती वळीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. बराच वेळ गेल्यावर म्हणाल्या, "खोलीत धूर होत नाही ना, तेवढे आधी विचारून घे. आणि डाळ-तांदूळ मिळतो का, तेही."