खांद्याच्या जखमेला मध

सातारा

दाजी,

सर्जा बैलाचा खांदा जुवानं काचला, कातडं गेलं आणि त्यावर घरातला मध लावू का, असं तुम्ही विचारताय, हे ताईनं फोनवर सांगितलं. लावा. पण कोणता, कसा आणि कधी लावायचा नाही, हे फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

जखमेवर मध आणि तूप लावावं, हे सुश्रुतानं सांगून ठेवलंय. त्याचं कारण आता नीट कळलंय. पिकलेल्या मधात पाणी वीस टक्क्यांहून कमी असतं, बाकी बहुतेक साखर. तो जखमेतलं पाणी ओढून घेतो आणि जंतूंना ओलावा मिळू देत नाही. शिवाय तो आम्लधर्मी असतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, माशी मध पिकवताना त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर घालते. जखमेतल्या पाण्यानं मध पातळ झाला की या विकरामुळं थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. ते जंतू मारतं, पण बाटलीतल्या औषधासारखं एकदम फसफसून नव्या मांसाला पोळत नाही. मध तापवला किंवा उन्हात ठेवला की हे विकर जातं. म्हणून चुलीवर पातळ केलेला मध सर्जाला लावू नका.

हे नुसतं आजीचं औषध नाही. इस्रायलमधल्या पशुवैद्यांनी 127 घोड्यांच्या फाटलेल्या जखमा शिवल्या. त्यातल्या काहींच्या जखमेत टाक्यांआधी औषधी दर्जाचा मध सोडला होता. त्या घोड्यांत जंतुसंसर्ग कमी झाला आणि जखमा जास्त चांगल्या भरल्या. 2020 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. केनियात तर लाळ-खुरकतीनं गाईंच्या तोंडात पडलेल्या जखमांवर मध आणि नाचणीचं पीठ वापरून पाहिलंय. मध आणि नाचणी! आमच्या जावळी-महाबळेश्वरच्या कुठल्याही घरात या दोन वस्तू सापडतील. यानं लाळ-खुरकतीचा विषाणू मरत नाही, लस टोचायचीच. पण तोंड सोललेलं जनावर वैरणीला तोंड लावत नाही, तेव्हा तेवढा आराम मोलाचा असतो.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते दूध. गाईला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं की डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालता येत नाही, आणि घालू नयेच. वरवरच्या जखमेला उठसूट प्रतिजैविक लागत नाही. तिथं मधानं भागलं तर दूधही वाचतं आणि औषधाची धारही टिकते. मात्र कास दगडी झाली म्हणून सडात मध सोडायचा विचार कधीही करू नका. तिथं डॉक्टरच हवेत.

आता मध कोणता? 2020 मध्येच दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं बाजारातले मधाचे 13 ब्रँड तपासले, त्यातले तीनच शुद्धतेच्या सगळ्या चाचण्यांत उतरले. साखरेचा पाक जखमेवर लावून विकराचं काम होणार नाही. मांघरच्या मधपाळांकडचा सातेरी माशीचा मध मी पाठवतोय. मांघर 2022 पासून देशातलं पहिलं मधाचं गाव आहे. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावरचा हा मध आहे, तापवलेला नाही. आग्याचं पोळं पिळून काढलेला मध नको. त्यात अंडी-अळ्यांचा रस उतरतो, तो आंबतो.

आधी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम धुवा, भोवतीचे केस कापा. मध स्वच्छ फडक्यावर जाड थापून ते जखमेवर ठेवा आणि वरून बांधा. उघडा ठेवला तर मुंग्या, माशा येतील. फडकं रोज बदला. जखमेत किडे पडले असतील, पू असेल किंवा कातडं शाबूत असून आत गाठ झाली असेल, तर मधाच्या नादी लागू नका. पोळ्यातल्या बाकीच्या वस्तूंचं म्हणाल, तर मेण तेलात वितळवून भेगाळलेल्या खुराला लावा. प्रोपोलिस, म्हणजे माश्यांची राळ, जंतुनाशक असते खरी, पण आपली सातेरी ती जवळजवळ गोळाच करत नाही. ती मिळते मेलिफेरा माशीच्या पेट्यांतून.

एक गोष्ट मनाला लागते, दाजी. घरचा मध शुद्ध असला तरी निर्जंतुक नसतो. त्यात काही जंतूंची बीजं तग धरून असतात. दवाखान्यातला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, कारण उष्णतेनं विकर मरतं. ती सोय आपल्याकडं ट्रॉम्बेच्या आयसोमेड या निर्जंतुकीकरण केंद्रात 1974 पासून आहे. मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालय शिरवळला आहे, आणि त्याला नाव आहे तुमच्या सांगलीच्या, येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं. आटपाडी-जतला खिलार जनावरं आहेत, हंगामात उसाच्या गाड्या ओढून खांदे सोललेले बैल आहेत. या तिन्ही संस्थांनी एकत्र बसून जनावरांसाठी तपासलेला, निर्जंतुक, स्वस्त मध ट्यूबमध्ये भरून गावच्या दवाखान्यात ठेवावा. मधपाळाला दर मिळेल, बैलाला औषध मिळेल. पुढच्या ग्रामसभेत तुम्ही हा विषय मांडा, मी इकडं मधपाळांशी बोलतो.

आणि बेंदराला खांदेमळणी करताना लोणी-हळद सर्जाच्या उघड्या जखमेवर चोळू नका. खांदा पुरता भरेपर्यंत त्याला जुवाला जुंपू नका. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर 1962 या पशुवैद्यकीय क्रमांकावर फोन करून डॉक्टरांना बोलावून घ्या.

तुमचा मेव्हणा